ब्लू नोट: वाजवल्याची तारीख आणि विकल्याची तारीख

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्लू नोट कंपनीच्या १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या जॅझ रेकॉर्ड्स क्रमांकाप्रमाणे ऐकायला घेतल्या, पण कालक्रम काही केल्या लागत नाही. ट्रम्पेटवादक ली मॉर्गनची एक एलपी (लाँग-प्ले तबकडी) १९६४ साली वाजवलेली, ती बाजारात आली १९६६मध्ये. त्याच वर्षी वाजवलेली दुसरी आली थेट १९८०मध्ये. कंपनीने ही रेकॉर्डिंग्ज दाबून का ठेवली? ती कमअस्सल होती का? आणि आता ऐकायची तर कोणत्या क्रमाने?

क्रमांकाचा नाद आधी सोडा. रेकॉर्डच्या पाठीवर छापलेला क्रमांक हा दुकानदारीचा हिशेब असतो. वादकांचा हिशेब सेशनचा: कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोण कोण बसलं होतं. जुन्या टेप आणि तबकड्या साफ करून डिजिटल करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, आणि प्रत्येक वेळी अनुभव हाच की सेशनची तारीख हाती आली की बाकीचा गुंता आपोआप सुटायला लागतो. पडून राहिलेली बहुतेक रेकॉर्डिंग्ज वाईट नव्हती. ती पडून राहिली याची कारणं वेगळी आहेत, आणि ती कळायला कंपनी चालायची कशी हे आधी पाहावं लागेल.

आल्फ्रेड लायन मूळचा बर्लिनचा. १९२५ साली तिथे सॅम वुडिंगचा वाद्यवृंद ऐकून तो जॅझच्या नादाला लागला. पुढे न्यूयॉर्कला आला. डिसेंबर १९३८मध्ये कार्नेगी हॉलच्या एका कार्यक्रमात त्याने आल्बर्ट अमन्स आणि मीड लक्स लुईस हे दोन बुगी-वुगी पियानोवादक ऐकले आणि दोनच आठवड्यांत, ६ जानेवारी १९३९ रोजी, भाड्याच्या स्टुडिओत दोघांना बसवून रेकॉर्डिंग केलं. ब्लू नोटची सुरुवात ही. पैशाला मॅक्स मार्गुलिस नावाचा लेखक होता. त्याच वर्षाच्या शेवटी लायनचा बर्लिनचा मित्र फ्रान्सिस वुल्फ जर्मनीतून निसटून आला. तो पेशाने फोटोग्राफर. पुढची जवळजवळ तीस वर्षं कंपनी म्हणजे मुख्यतः हे दोघे. एवढी छोटी कंपनी होती हे डोक्यात ठेवा, पुढे त्याचं महत्त्व कळेल.

लायनची एक खोड पहिल्यापासून दिसते. त्याला एखाद्याचं वाजवणं आवडलं की तो रेकॉर्डिंग करून मोकळा होई. विकायचं कसं, हा विचार नंतरचा. त्या वेळी जॅझच्या बहुतेक तबकड्या दहा इंची असत, तीन मिनिटांच्या आसपास. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडणाऱ्या आपल्या गवयांची ओढाताण ज्यांनी ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवर ऐकली आहे त्यांना ही अडचण सांगायला नको. लायनने बारा इंची तबकडी घेतली. शास्त्रीय संगीतासाठी वापरत ती, चार मिनिटांहून जास्त चालणारी. जून १९३९मध्ये सिडनी बेशेने सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवलेलं ‘समरटाइम’ याच आकारात निघालं आणि कंपनीला पहिलं यश मिळालं. सेशनसुद्धा वादकांच्या सोयीने होत. क्लब बंद झाल्यावर, पहाटे, वादक गरम झालेले असताना.

७८च्या काळात सेशन आणि प्रकाशन यांत फार अंतर पडायचं कारण नव्हतं. एका बैठकीत चार बाजू, म्हणजे दोन तबकड्या. तरीही साठा होतच असे. पियानोवादक थेलोनियस मंकचं उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर, २४ ऑक्टोबर आणि २१ नोव्हेंबर १९४७ अशा तीन सेशनमध्ये लायनने त्याच्याकडून चौदा रचना भरून घेतल्या. मंकला तेव्हा फारसं कोणी ओळखत नव्हतं, मग एवढी घाई कशाची? वादकांच्या युनियनने १ जानेवारी १९४८पासून रेकॉर्डिंगवर बंदी जाहीर केली होती. सगळ्याच कंपन्या वर्ष संपायच्या आत माल भरून ठेवत होत्या. लायनने भरला तो मंक. त्या तबकड्या मग हळूहळू, एकेक करून बाहेर आल्या. म्हणजे साठवून ठेवून सवडीने विकण्याची सवय एलपीच्या आधीपासूनची आहे.

खरा गोंधळ एलपीने घातला, आणि तोही दोनदा. १९५१च्या सुमारास ब्लू नोटने दहा इंची एलपी काढायला सुरुवात केली. तिच्यात जुन्या ७८च्या बाजू एकत्र केल्या आणि नवी सेशनही घातली. ते बस्तान बसतंय तोवर बाजार बारा इंची एलपीकडे वळला. १९५५-५६मध्ये लायनला सगळं पुन्हा नव्या आकारात आणावं लागलं. इथून १५०० ही प्रसिद्ध मालिका सुरू होते. तिचा पहिलाच क्रमांक, १५०१, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा. तो ऐकून ‘१९५६चा माइल्स’ असं कोणी म्हणालं तर फसलाच समजा. १५०१ आणि १५०२ या जोडीतलं वादन मे १९५२, एप्रिल १९५३ आणि मार्च १९५४ या तीन सेशनचं आहे. तीन वेगवेगळ्या साथसंगती, त्याच्या आयुष्याचे तीन वेगवेगळे टप्पे, आणि तुकडे पुन्हा जुळवताना कोणत्या बाजूला किती मिनिटं बसतात याचाही विचार. ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या २१ फेब्रुवारी १९५४च्या बर्डलँड क्लबमधल्या रात्रीचंही तसंच. आधी ती तीन दहा इंची एलपींत विखुरली, मग दोन बारा इंचीत गोळा झाली.

आता स्टुडिओत शिरू. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

१९५३पर्यंत ब्लू नोटची बरीच कामं न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर स्टुडिओत होत. तेव्हा गिल मेले नावाच्या सॅक्सोफोनवादकाची एक टेप लायनच्या हाती आली. आवाज त्याला इतका आवडला की ‘मला असाच हवा’ म्हणून तो ती टेप नेहमीच्या इंजिनिअरकडे घेऊन गेला. तो प्रामाणिक माणूस. हे माझ्याच्याने व्हायचं नाही, ज्याने केलंय त्याच्याकडेच जा, असं त्याने सांगून टाकलं. ज्याने केलं होतं तो रूडी व्हॅन गेल्डर. पेशाने ऑप्टोमेट्रिस्ट, दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणारा. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावात आई-वडिलांचं घर होतं, त्या घराच्या दिवाणखान्यात त्याचा स्टुडिओ. बाजूच्या खोलीत कंट्रोल रूम आणि मध्ये काचेची खिडकी. बैठकीच्या खोलीत पियानो, ड्रम्स, माइक. आज ज्या रेकॉर्ड्सना लोक हजारो डॉलर मोजतात त्यांतल्या कितीतरी त्या खोलीत झाल्या. १९५९च्या जुलैत त्याने जवळच एंगलवूड क्लिफ्सला स्वतःची इमारत उभी केली. उंच लाकडी छत, जवळजवळ ३९ फूट. चष्म्याचा धंदा त्याने तेव्हा कुठे सोडला.

त्या खोलीत काम कसं चाले हे आजच्या पद्धतीने विचार केला तर उमजणार नाही. आज आपण प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतो आणि तोल नंतर सावकाश साधतो. व्हॅन गेल्डरला ती सोय नव्हती. सुरुवातीला एकच ट्रॅक, नंतर दोन. ट्रम्पेट पियानोपेक्षा किती पुढे, बासचा आवाज किती जाड, झांजांची धार किती, हे सगळं वादन चालू असताना हातानेच ठरायचं. चुकलं तर दुरुस्ती नाही, पुन्हा वाजवा. १९५७पासून तो काही काळ मोनो आणि स्टिरिओ अशा दोन टेप समांतर चालवत असे. १९५८ संपता संपता फक्त दोन ट्रॅकची स्टिरिओ टेप उरली आणि मोनो रेकॉर्ड तिचे दोन्ही ट्रॅक एकत्र करून कापली जाऊ लागली. ‘मोनो म्हणजे मूळ’ असं सरसकट सांगणाऱ्या संग्राहकांना हे सांगून पाहा, चेहरे बघण्यासारखे होतात. १९५७च्या आधीच्या रेकॉर्ड्सना ते लागू आहे. १९६३च्या रेकॉर्डची मोनो प्रत घेऊन काही वेगळी, अस्सल टेप ऐकतोय असं समजू नका. आवडत असेल तर जरूर घ्या, पण ती त्याच स्टिरिओ टेपची मुलगी आहे.

व्हॅन गेल्डर टेपवरून लॅकरची तबकडीही (जिच्यावरून छपाईचे साचे बनतात ती) स्वतःच कापायचा. सेशनला माइक लावणारे आणि शेवटी खाचा पाडणारे हात एकच, असं त्या काळी क्वचित असे. म्हणून जुन्या प्रतींच्या आतल्या कोऱ्या कड्यात त्याच्या आद्याक्षरांची किंवा नावाची खूण शोधतात. माझं मत विचाराल तर त्याचा ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन अप्रतिम, ड्रम्स त्याहून सरस, पण पियानो बऱ्याचदा खोक्यात बसवल्यासारखा. मंद्र सूर जरा कापलेले, मधले सूर पुढे ओढलेले. स्वस्त रेकॉर्ड प्लेअरवर सुई उडू नये आणि आवाज दमदार लागावा, यासाठी कापताना ते करावं लागत असे. टेपवरून नव्याने काढलेल्या आवृत्त्यांत तोच पियानो बराच मोकळा वाटतो.

लायनचा वाटा खोलीबाहेरून सुरू होई. तो तालमीचे पैसे देत असे. रेकॉर्डिंगच्या आधी दोन दिवस तालीम, आणि तिचा मोबदला. शेजारच्या प्रेस्टिज कंपनीशी तुलना केली की याचं मोल कळतं. इंजिनिअर तोच व्हॅन गेल्डर, खोली तीच, बऱ्याचदा वादकही तेच. प्रेस्टिजचा मालक बॉब वाइनस्टॉक तालमीच्या भानगडीत पडत नसे. वादक येत, सगळ्यांना येणाऱ्या रचना वाजवत, निघून जात. याचा अर्थ प्रेस्टिजचं काम वाईट असा घेऊ नका. माइल्स डेव्हिसच्या पंचकाने ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६ अशा दोनच दिवसांत प्रेस्टिजसाठी इतकं वाजवून ठेवलं की त्यातून चार एलपी निघाल्या, आणि त्या १९५७ ते १९६१ अशा सावकाश विकल्या गेल्या. त्याला कोलंबिया कंपनीकडे जायचं होतं आणि जुना करार फेडायचा होता. पण ते पंचक रोज रात्री एकत्र वाजवणारं होतं, तालीम आधीच झालेली. ब्लू नोटवर पुष्कळदा त्या दिवसापुरती जमवलेली मंडळी नव्या, अवघड रचना वाजवायची. तिथे तालमीशिवाय निभावलं नसतं. आणि नव्या रचनांचा आणखी एक फायदा, कंपनीचं स्वतःचं प्रकाशन-खातं होतं, त्यामुळे रचनेच्या हक्काचे पैसेही थोडेफार घरात येत.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ १५ सप्टेंबर १९५७ची. ती ऐकताना रचनांची बांधणी किती घट्ट आहे ते पाहा. तिचं शीर्षक-वादन आपण एकसंध समजून ऐकतो. प्रत्यक्षात पियानोचा सोलो दुसऱ्या टेकमधून, म्हणजे त्याच रचनेच्या दुसऱ्या वादनातून, कापून आणून जोडलेला आहे. टेप ब्लेडने कापायची आणि चिकटवायची. इतकी वर्षं लाखो लोकांनी ऐकलं, कोणाला खटकलं नाही. शुद्ध, न कापलेल्या क्षणाचा आग्रह धरणाऱ्यांनी हा जोड शोधावाच.

सेशनचा निर्णय कसा फिरतो याचं माझं आवडतं उदाहरण गिटारवादक ग्रँट ग्रीनची ‘आयडल मोमेंट्स’. ४ नोव्हेंबर १९६३च्या रात्री पियानोवादक ड्यूक पिअरसनची शीर्षक-रचना वाजवायला घेतली. एका आवर्तनात किती बार (मात्रांचे गट) धरायचे, ३२ की ६४, यावर गफलत झाली. वादकांनी दुप्पट धरले आणि सात मिनिटांत संपायची रचना पंधरा मिनिटांवर गेली. पण वाजली अशी की पुन्हा छोटी करून वाजवायला कोणाचं मन होईना. एलपीच्या एका बाजूला आवाज न पाडता वीस-बावीस मिनिटं बसतात. मग काय, शीर्षक-रचना तशीच ठेवली आणि १५ नोव्हेंबरला पुन्हा जमून बाकीच्यांपैकी दोन रचना आखूड करून वाजवल्या. त्यांचे आधीचे लांब टेक डब्यात गेले, पुढे सीडीवर आले. ते टेक वाईट म्हणून मागे राहिले नाहीत, जागा नव्हती म्हणून राहिले.

नकार मात्र खरोखर दिले जात. वुल्फ आणि लायन सेशनची वही ठेवत. तारीख, वादक, रचना, टेकचा क्रमांक, पसंत-नापसंत. पियानोवादक हर्बी हॅनकॉकच्या ‘मेडन व्हॉयेज’चा पहिला प्रयत्न ११ मार्च १९६५ला झाला आणि बाद ठरला. आज आपण ऐकतो ते १७ मार्चचं, ड्रम्सवर दुसरा माणूस बसवून केलेलं.

टेप घेऊन न्यूयॉर्कला परतल्यावर दुसरं काम सुरू. रचनांचा क्रम लावायचा, बाजू भरायच्या. वुल्फने सेशनच्या वेळीच फोटो काढलेले असत. १९५६पासून मुखपृष्ठं रीड माइल्स करू लागला. त्याला जॅझमध्ये फारसा रस नव्हता, तो शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत ऐकणारा, आणि एका मुखपृष्ठाचे त्याला साधारण पन्नास डॉलर मिळत. कदाचित म्हणूनच तो वुल्फचे सुंदर फोटो इतक्या निर्दयपणे कापू शकला. एखादा जॅझवेडा डिझायनर वादकाचं कपाळ कापायला धजावला नसता. मग पाठीवरचा मजकूर, छपाई, जाहिरात. ज्यूकबॉक्ससाठी (नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) मोठ्या रचनेचे दोन तुकडे करून ४५ची छोटी तबकडीही काढत.

क्रमांक या सगळ्या साखळीत मध्येच कुठेतरी पडत असे. रेकॉर्ड बाजारात जाण्याच्या बरंच आधी. गोंधळाचं मूळ तिथे आहे. क्रमांक पडला, मुखपृष्ठ तयार झालं, जाहिरात गेली, आणि रेकॉर्ड निघालीच नाही, असंही झालं. टीना ब्रुक्स (नावावर जाऊ नका, हा पुरुष, टेनर सॅक्सोफोनवादक) याच्या नावावर ब्लू नोटने चार सेशन केली. जिवंतपणी बाहेर आली एकच, ‘ट्रू ब्लू’, २५ जून १९६०ला वाजवलेली. ‘बॅक टू द ट्रॅक्स’ला ४०५२ हा क्रमांक मिळाला होता. लोक वर्षानुवर्षं दुकानांत तो शोधत राहिले. ब्रुक्स १९७४मध्ये ४२व्या वर्षी गेला. त्याचं मार्च १९५८चं पहिलं सेशनसुद्धा १९८०मध्ये प्रसिद्ध झालं. यात कसला कट होता असं मला वाटत नाही. पहिली एलपी खपली नाही आणि पुढची मागे पडली, मग आणखी मागे. पण एका माणसाचं आयुष्य त्यात गेलं, तेव्हा ‘व्यवहार’ म्हणून झटकूनही टाकवत नाही.

आता ली मॉर्गनकडे येतो, कारण तुमचा मूळ प्रश्न तिथलाच आहे.

२१ डिसेंबर १९६३ रोजी त्याने ‘द साइडवाइंडर’ वाजवली. शीर्षक-रचना दहा मिनिटांहून मोठी, ब्लूजच्या अंगाची, ठेका असा की पाय हललाच पाहिजे. जुलै १९६४मध्ये एलपी आली. पहिली छपाई फक्त ४,००० प्रतींची, यावरून कंपनीची अपेक्षा कळते. ती बघता बघता संपली. पुढे रेकॉर्ड बिलबोर्ड साप्ताहिकाच्या एलपींच्या यादीत २५व्या जागेपर्यंत चढली, क्रायस्लर मोटारींच्या टीव्ही जाहिरातीत तीच धून वाजू लागली. एका छोट्या जॅझ कंपनीसाठी हे अघटित होतं.

आणि लायनच्या डोकेदुखीलाही इथूनच सुरुवात झाली. असं खपणारं घबाड छोट्या कंपनीला बुडवूही शकतं. तबकड्या दाबणाऱ्या कारखान्याला पैसे आधी द्यायचे, आणि वितरक पैसे देणार महिन्यांनी. पुढचा हिट दिसला नाही तर मागचे पैसेही लवकर सुटत नाहीत. त्यामुळे वितरकांची मागणी एकच: आणखी एक ‘साइडवाइंडर’ द्या. तेव्हापासून ब्लू नोटच्या किती एलपी तसल्याच ठेक्याच्या रचनेने सुरू होतात ते मोजून पाहा.

पण मॉर्गनने दरम्यान काय करून ठेवलं होतं? १५ फेब्रुवारी १९६४ला, म्हणजे ‘साइडवाइंडर’ दुकानात यायच्याही आधी, त्याने ‘सर्च फॉर द न्यू लँड’ वाजवली होती. गंभीर, लांबलचक, ध्यान लावून ऐकायची. तिला ४१६९ हा क्रमांकही दिला होता. हिट झाल्यावर लगेच ही रेकॉर्ड हातात देऊन गिऱ्हाईक गोंधळात टाकायचं? ती १९६६पर्यंत थांबली. ११ ऑगस्ट १९६४ची ‘टॉम कॅट’ १९८०पर्यंत. १९६६ साली मॉर्गनची नवी रेकॉर्ड म्हणून ‘सर्च’ घेणाऱ्याला वाटलं असणार, हिटनंतर गडी अंतर्मुख झाला. घडलं होतं उलटं. आधी हा शोध, मग हिट आणि बाजाराचा ठेका. जॅझच्या इतिहासात असे उलटे निष्कर्ष कितीतरी निघाले आहेत, आणि त्यांचं कारण बहुधा प्रकाशनाच्या तारखांवर ठेवलेला विश्वास हेच असतं.

सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरचा हिशेब तर आणखी बोलका आहे. १९६४मध्ये त्याने ब्लू नोटसाठी तीन एलपींचं वादन केलं, २९ एप्रिल, ३ ऑगस्ट आणि २४ डिसेंबरला. १९६५मध्ये आणखी तीन: ४ मार्च, १४ जून, १५ ऑक्टोबर. एका माणसाच्या सहा एलपी अठरा महिन्यांत खपवायच्या कशा? त्याच काळात तो माइल्स डेव्हिसबरोबर कोलंबियावरही वाजू लागला होता. मार्च आणि जूनची सेशन मागे राहिली. ‘द सूथसेअर’ १९७९मध्ये आली, ‘एटसेटेरा’ १९८०मध्ये. ऑक्टोबरचं सेशन मात्र पुढच्याच वर्षी निघालं. ‘एटसेटेरा’ मी कंपनीने वेळेवर काढलेल्या डझनभर रेकॉर्ड्सच्या वर ठेवीन.

उलट प्रकारही आहे, तो विसरू नका. पियानोवादक हॉरेस सिल्व्हरची ‘साँग फॉर माय फादर’ ऐकायला एकजीव वाटते. तिच्यात ऑक्टोबर १९६३ ते ऑक्टोबर १९६४ या काळातल्या वेगवेगळ्या सेशनचं वादन आहे आणि दोन वेगळी पंचकं आहेत. शीर्षक-रचना २६ ऑक्टोबर १९६४ची, नव्या संचाची. इथे थांबून राहण्याचा फायदाच झाला. पहिल्या संचावर समाधान मानून रेकॉर्ड काढली असती तर ती रचना तिच्यात नसती.

१९६५मध्ये लायनने कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सला विकली. १९६७मध्ये प्रकृतीमुळे तो निवृत्त झाला. वुल्फ १९७१मध्ये गेला. वही आणि टेप मागे राहिल्या. १९७५मध्ये मायकल कस्कुना या निर्मात्याला कंपनीच्या टेपच्या गोदामात शिरायची परवानगी मिळाली. सेशनच्या नोंदी आणि डबे ताडून पाहत त्याने न निघालेल्या सेशनची यादी केली, आणि १९७०च्या दशकाच्या शेवटापासून ती अमेरिकेत आणि जपानमध्ये बाहेर येऊ लागली. ग्रँट ग्रीनने पियानोवादक सॉनी क्लार्कबरोबर केलेली सुंदर सेशन त्यांतलीच, तीही १९८०मध्ये आली. सॉनी क्लार्क तोवर जाऊन १७ वर्षं झाली होती. १९८३मध्ये कस्कुनाच्या मोझेक कंपनीने मंकची ब्लू नोटवरची सगळी रेकॉर्डिंग्ज सेशनच्या क्रमाने पेटीबंद केली. पेट्यांचा हा क्रम पुढे इतरांनीही उचलला. पियानोवादक अँड्र्यू हिलचं नोव्हेंबर १९६९चं एक सेशन तर २००३मध्ये उजेडात आलं.

गोदामातलं सगळंच सोनं, असंही नाही. एकाच रचनेचे तीन-तीन टेक पाठोपाठ ऐकवणाऱ्या सीडी अभ्यासाला ठीक, पण लायनने केलेली निवड आणि क्रम त्या मोडतात. अशा वेळी मी मूळ एलपीतल्या रचना आधी ऐकतो, बाकीच्या वेगळ्या बसून.

जुन्या प्रती विकत घ्यायच्या असतील तर लेबलवरच्या पत्त्यावरून साधारण काळ ठरवता येतो: लेक्सिंग्टन अव्हेन्यू सर्वांत जुना, मग वेस्ट ६३वा रस्ता, मग नुसतं न्यूयॉर्क यूएसए, मग लिबर्टीचा उल्लेख. कड्यात कानासारखी दिसणारी छोटी खूण असेल तर ती प्लास्टिलाइट कारखान्याची, १९६६पर्यंतची. पण उरलेली जुनी लेबलं नंतरच्या छपाईत बिनदिक्कत वापरली जात, तेव्हा एकट्या लेबलवर पैसे लावू नका. आणि या सगळ्यावरून कळतं ते छपाईचं वर्ष. वादनाची तारीख त्यातून निघत नाही.

आता क्रम. सगळी सूची घेऊन बसू नका, एकच वर्ष घ्या. मी १९६४ सुचवतो, कारण क्रमांकांनी सर्वांत जास्त पसरवलेलं वर्ष तेच. १५ फेब्रुवारी, मॉर्गनची ‘सर्च फॉर द न्यू लँड’. दहा दिवसांनी त्याच खोलीत, २५ फेब्रुवारीला, सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीची ‘आउट टू लंच’, ड्रम्सवर १८ वर्षांचा टोनी विल्यम्स. २१ मार्चला अँड्र्यू हिलची ‘पॉइंट ऑफ डिपार्चर’, तिच्यात डॉल्फी आणि विल्यम्स दोघेही, शिवाय बासवर ‘आउट टू लंच’मधलाच रिचर्ड डेव्हिस. २९ एप्रिलला शॉर्टरची ‘नाइट ड्रीमर’, तिच्यात पुन्हा मॉर्गन. १७ जूनला हॅनकॉकची ‘एम्पिरियन आइल्स’, विल्यम्स पुन्हा ड्रम्सवर. २५ जूनला हिलची ‘अँड्र्यू!’, जी १९६८मध्ये आली. त्यानंतर चारच दिवसांनी डॉल्फी बर्लिनमध्ये गेला, ‘आउट टू लंच’ दुकानात यायच्या आधीच. ३ ऑगस्टला शॉर्टरची ‘जूजू’, ११ ऑगस्टला ‘टॉम कॅट’, आणि २४ डिसेंबरला ‘स्पीक नो ईव्हिल’. यांतल्या ‘सर्च’, ‘अँड्र्यू!’ आणि ‘टॉम कॅट’ या तीन रेकॉर्ड्स त्या वेळच्या श्रोत्याला या क्रमाने ऐकायची सोयच नव्हती, तुम्हाला आहे. प्रत्येक वेळी वादकांची नावं मात्र समोर ठेवा. मॉर्गन, शॉर्टर, हॅनकॉक, विल्यम्स एकमेकांच्या सेशनमध्ये ये-जा करताना दिसतील, आणि फेब्रुवारीत एकाच्या हातून सुटलेली कल्पना जूनमध्ये दुसऱ्याच्या वाजवण्यात सापडेल.